मालकाला सुट्टी कोण देणार?

रायगडच्या किनारपट्टीवर, अलिबाग आणि रेवदंड्याच्या आसपासच्या गावांत, बेने इस्रायली ज्यू कुटुंबं पिढ्यानपिढ्या तेल गाळण्याचा धंदा करत. आपल्या धर्मातलं बरंच काही काळाच्या ओघात त्यांच्या हातून निसटलं होतं. हिब्रू पोथ्या उरल्या नव्हत्या, शिकवायला कुणी धर्मगुरू नव्हता, घरातली भाषा मराठी झाली होती. राहिलं ते मोजकंच: मुलाची सुंता, खवले आणि पर नसलेला मासा न खाणं, 'शेमा' ही एक प्रार्थना, आणि शनिवारी काम न करणं. आजूबाजूच्या गावकऱ्यांनी त्यांना ओळखलं ते या शेवटच्या गोष्टीवरून. सोमवारी घाणा न जुंपणारे ते सोमवार तेली आणि हे शनिवार तेली. पोथ्या गेल्या, भाषा गेली, मूळ देशाची आठवण पुसट झाली, पण आठवड्यातला एक दिवस टिकला. आणि तोही धंद्यात, जिथे प्रत्येक दिवसाची रोख किंमत असते. धंदा करणाऱ्याने स्वतःच्या कामाला मर्यादा कुठे आणि कशाच्या जोरावर घालावी, हा प्रश्न मी या घाण्यापासून सुरू करतो, कारण इथे मर्यादा नुसती ठरवलेली नव्हती, ती पाळली गेली होती.

लाकडी घाणा मनात आलं म्हणून थांबवता येत नाही. उखळात तीळ किंवा खोबरं टाकलं, लाट बसवली, बैलाच्या डोळ्यांवर झापड बांधून त्याला जुंपलं, की तेल सुटून पेंड वेगळी होईपर्यंत फेरे चालूच ठेवावे लागतात. शनिवारी बंद ठेवायचं तर शुक्रवारी किती माल भरायचा, याचा हिशेब आधीच करायला हवा. तेल तर रोजच्या गरजेची वस्तू, दिव्याला लागणारी, फोडणीला लागणारी, म्हणजे गिऱ्हाईक कोणत्याही दिवशी दारात येणार. तेली हा गावातला कुणी धनाढ्य सावकारही नव्हे, की एक दिवस गेला तर त्याला जाणवू नये. तरी शुक्रवारी दिवस मावळला की काम थांबे. राबून पिचलेल्या माणसाला आपण घाण्याचा बैल म्हणतो. या घरांतल्या बैलालाही आठवड्यातून एक दिवस जू नव्हतं.

नोकरदाराची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या सुट्टीमागे भांडणाचा इतिहास आहे आणि आता कायदा आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या अनेक वर्षांच्या चळवळीनंतर, १० जून १८९० रोजी. रविवार हा खंडोबाचा वार, कामगाराला देवाधर्मासाठी आणि घरासाठी तो हवा, असं लोखंड्यांचं मागणं होतं. सत्यशोधक विचाराचा हा माणूस गिरणीमालकांपुढे देवाचा वार पुढे करतो, यात मला मोठा शहाणपणा दिसतो. सुट्टी घेतली तर कामगार सोमवारी जास्त सूत काढेल, एवढ्यावरच त्यांनी आपली बाजू उभी केली नाही. आज महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा दुकान वर्षाचे सगळे दिवस उघडं ठेवू देतो, पण कामगाराला आठवड्याची सुट्टी देणं मालकावर बंधनकारक करतो. त्या कायद्यात मालकाच्या स्वतःच्या सुट्टीबद्दल काही नाही, आणि नसणारच. कायदा माणसाला दुसऱ्याच्या सत्तेपासून वाचवतो. मालकावर सत्ता मालकाचीच. रात्री ११ वाजता व्हॉट्सॲपवर आलेल्या ऑर्डरला उत्तर द्यायचं की नाही, दर महिन्याच्या २० तारखेचं जीएसटीचं विवरण रविवारी बसून भरायचं की नाही, हे त्याला कुणी सांगत नाही. ज्याच्या डोक्यावर कुणी नाही त्याला थांबवणार कोण, हा व्यवस्थापनाच्या पुस्तकात सुटणारा प्रश्न मला वाटत नाही. तो तत्त्वज्ञानाचा आणि धर्माचा प्रश्न आहे.

व्यवस्थापनाची पुस्तकं आणि डॉक्टर जे सांगतात ते खोटं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या रोगांच्या वर्गीकरणात 'बर्नआउट'ची व्याख्या केली. तो आजार म्हणून नोंदलेला नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ न आवरल्यामुळे येणारी ती अवस्था आहे, आणि तिची खूण तिहेरी आहे: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि हातून काही नीट होत नाही असं वाटणं. दुकानदाराच्या बाबतीत दुसरी खूण सगळ्यांत आधी ओळखू यावी, कारण ज्या गिऱ्हाइकावर त्याचं पोट आहे तेच त्याला नकोसं वाटू लागतं. याच संघटनेने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेबरोबर २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करण्यामुळे २०१६ या एका वर्षात पक्षाघात आणि हृदयविकाराने सुमारे ७ लाख ४५ हजार माणसं गेली. हे आकडे वर्तमानपत्रांत छापून आले, व्यापाऱ्यांनी वाचले, आणि त्याच रात्री फोन उशाशी घेऊन ते झोपले. दोन वर्षांनी, २०२३ मध्ये, नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं म्हटलं, तेव्हा टीका झाली तसं समर्थनही भरपूर झालं.

आकड्यांचा परिणाम होत नाही याचं कारण लोकांचं अज्ञान नाही. 'विश्रांती घ्या म्हणजे काम चांगलं होईल' या युक्तिवादातच खोट आहे. या वाक्यात कामच मालक आहे आणि विश्रांती त्याची चाकर. मग ज्या दिवशी कामाला चाकराची गरज नसेल त्या दिवशी त्याला कामावरून काढायला काय हरकत आहे? मोठी ऑर्डर आली, हप्ता थकला, प्रतिस्पर्ध्याने भाव पाडला, की हिशेब पुन्हा मांडला जातो आणि विश्रांती त्या हिशेबात दरवेळी हरते, कारण ऑर्डरची किंमत आजची आणि नेमकी आहे, तर विश्रांतीचा फायदा उद्याचा आणि अंदाजाचा. शिवाय ८० तास राबूनही ठणठणीत राहणारी माणसं असतातच. त्यांना थांबायला या युक्तिवादात काहीच कारण सापडत नाही. हा वाद फार जुना आहे. विरंगुळा हा पुढच्या कामासाठी असतो, कारण माणूस अखंड श्रम करू शकत नाही, असं ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात म्हटलं होतं. अब्राहम जोशुआ हेशेल या ज्यू विचारवंताने १९५१ च्या 'द सब्बाथ' या छोट्या पुस्तकात नेमकं याच्या उलट मत मांडलं: सब्बाथ, म्हणजे ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, बाकीच्या सहा दिवसांसाठी नाही, सहा दिवस सब्बाथसाठी आहेत. ज्यू धर्मग्रंथात त्या दिवसाची आज्ञा दोनदा येते आणि कारणंही दोन दिली आहेत. एके ठिकाणी कारण असं की ईश्वराने सृष्टी निर्माण करून सातव्या दिवशी हात थांबवले. दुसऱ्या ठिकाणी असं की तुम्ही इजिप्तमध्ये गुलाम होता आणि तिथून सुटलात, हे लक्षात ठेवा. दोन्हींत उद्या काम जोमाने होईल असं अक्षरही नाही. गुलामाला थांबायची मुभा नसते, आणि म्हणून थांबणं ही मोकळ्या माणसाची खूण ठरते. शनिवार तेल्याचा नियम टिकला तो यामुळे, असं माझं मत आहे. तो धंद्याच्या नफ्यातोट्याच्या वहीत लिहिलेलाच नव्हता, म्हणून त्या वहीतली कोणतीही बेरीज त्याला खोडू शकली नाही.

यावर आपल्याकडे पहिला आक्षेप गीतेच्या आधाराने येईल आणि तो वजनदार आहे. गीता अर्जुनाला थांबायला सांगत नाही, उठून काम करायला सांगते. तिसऱ्या अध्यायात तर श्रीकृष्ण म्हणतात की मीच कर्म थांबवलं तर हे सारे लोक नष्ट होतील. कित्येक मालक नकळत स्वतःला याच जागी बसवतात: 'मी एक दिवस नसलो तर सगळं बसेल.' पण त्याच ठिकाणी श्रीकृष्ण हेही सांगतात की तिन्ही लोकांत मला मिळवायचं असं काही उरलेलं नाही. असं म्हणू शकणारा दुकानदार मला तरी ठाऊक नाही. आणि अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना प्रकारच्या हालचाली आणि पाचवं दैव. जो फक्त स्वतःलाच कर्ता मानतो त्याला नीट दिसत नाही, असा तिथे निर्वाळा आहे. दुकानाला हे लावून पाहावं. जागा आणि रस्ता हे अधिष्ठान. कामगार, वजनकाटा, टेम्पो, फोन ही साधनं. माल आणणं, मांडणं, देणं या हालचाली. पाऊस आणि बाजारभाव हे दैव. मालक हा पाचातला एक. आपण म्हणजेच धंदा, असं त्याला वाटतं तेव्हा ती निष्ठा नसते, मोजण्यातली चूक असते. दमून कोसळणाऱ्या मालकाच्या मुळाशी बहुतेक वेळा मला ही चूक दिसते. कष्टाची आवड त्यामानाने कमी. टिळकांचं 'गीतारहस्य' हाही आक्षेपाचा आधार होऊ शकतो, कारण मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या त्या ग्रंथाचा सारा भर आमरण कर्मावर आहे. पण टिळकांपुढचा वाद संन्यास की कर्म हा होता. काम सोडावं का, याचं उत्तर त्यांनी दिलं. दिवसाचे किती तास करावं, हा प्रश्न त्यांनी सोडवायला घेतलेलाच नव्हता. तो गीतेच्या सहाव्या अध्यायात येतो, आणि तिथे आहार, झोप, जागरण यांच्याबरोबर कर्मातली धडपडही मापात हवी असं स्पष्ट सांगितलं आहे. जाता जाता एक आठवण करून द्यावीशी वाटते. विनोबांची गीता-प्रवचनं १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात झाली, २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक अध्याय. कर्मावरच्या मराठीतल्या इतक्या मोठ्या चिंतनालाही आठवड्याचा ठेका होता.

दुसरा आक्षेप वारकरी परंपरेतून येतो आणि तो मला अधिक जवळचा वाटतो. काम हीच पूजा असेल तर पूजेला सुट्टी कशी? यासाठी सावता माळ्यांचं नाव घेतलं जातं. अरण गावच्या मळ्यातच त्यांनी विठ्ठल पाहिला, ते पंढरीला गेले नाहीत, आणि आजही पंढरपूरहून देवाची पालखी अरणला जाते. हा आक्षेप घेणाऱ्याने पंढरपूरलाच जाऊन पाहावं की खुद्द देवाच्या कामाचं वेळापत्रक कसं आहे. एरवी तिथे पहाटे काकड आरती होते आणि रात्री शेजारती होऊन देवाला निजवतात. आषाढी जवळ आली की हे बदलतं. शेजघरातला देवाचा पलंग काढतात, शेजारती थांबते आणि चोवीस तास दर्शन सुरू होतं. लाखो माणसं रांगेत उभी असताना देवाने झोपायचं नाही. उभं राहून देव शिणेल म्हणून विठ्ठलाच्या पाठीशी लोड आणि रुक्मिणीच्या पाठीशी तक्क्या ठेवतात. मग यात्रा सरल्यावर दिवस ठरवून प्रक्षाळपूजा होते. देवाच्या पायांना लिंबू-साखर चोळतात, गरम पाण्याने स्नान घालतात, रात्री काढा दाखवतात, पलंग परत आणून ठेवतात आणि शेजारती पुन्हा सुरू होते. हे सगळं देवाचा शिणवटा जावा म्हणून. कार्तिकीलाही असंच. जी परंपरा कामाला पूजा मानते तीच परंपरा पूज्य देवालाही थकवा येतो असं धरून चालते आणि त्याचा उपचार दिनदर्शिकेत लिहून ठेवते.

यातून व्यापाऱ्याला दोन गोष्टी घेता येतात. एक म्हणजे हंगाम मान्य आहे. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस कापडदुकानदाराने रात्री १२ पर्यंत शटर उघडं ठेवलं तर त्याने काही पाप केलं नाही. मर्यादा म्हणजे रोज संध्याकाळी सहाला कुलूप, असं नव्हे. पण पलंग काढतानाच तो परत येणार हे पंढरपुरात ठरलेलं असतं. आपल्या धंद्यात पलंग एकदा निघाला की निघालाच. दिवाळीनंतर लग्नसराई येते, ती संपते तोवर शाळेच्या गणवेशाचा हंगाम येतो, आणि 'एवढा सीझन जाऊ दे' हे वाक्य वर्षभर चालतं. दुसरी गोष्ट अशी की थकवा कबूल करण्यात देवाचं देवपण कमी होत नाही. आपल्याकडच्या उद्योजकाला मात्र दमलो म्हणणं हे हरलो म्हणण्यासारखं वाटतं. सावता माळ्यांबद्दल म्हणाल तर त्यांनी काम देवाला वाहिलं. वाहिलेली गोष्ट आपली राहत नाही. ज्याला आपलं काम क्षणभरही हातावेगळं ठेवता येत नाही, त्याने ते अजून कुणाला वाहिलेलं नाही, असंच म्हणावं लागेल.

तिसरा आक्षेप पोटाचा, आणि इथे उपदेश करायची मला लाज वाटते. ज्याचं हातावर पोट आहे, आज गाडी लावली तरच रात्री चूल पेटणार आहे, त्याला सब्बाथ आणि शेजारती सांगणं क्रूरपणाचं आहे. त्याचा प्रश्न मनोनिग्रहाने सुटणारा नाही. तो भाड्याचा, व्याजाचा आणि फेरीवाल्याच्या हक्काच्या जागेचा प्रश्न आहे. पण हा आक्षेप सर्वांत मोठ्याने घेतात ते लोक वेगळे असतात: ज्यांचं पोट भरलेलं आहे पण 'गिऱ्हाईक तुटेल' या धास्तीने ज्यांना थांबता येत नाही ते. त्यांच्यासाठी उत्तर आहे. मर्यादा लपवलेली असेल तर गिऱ्हाईक तुटतं. सगळ्यांना ठाऊक असेल तर गिऱ्हाईक शिकतं. शनिवार तेल्याकडचं तेल शुक्रवारी न्यायचं, हे गावाला माहीत होतं. पुण्यातल्या दुकानांच्या दुपारी एक ते चारच्या पाटीची आपण इतकी वर्षं टिंगल केली, पण ती दुकानं त्या पाटीमुळे बुडाली नाहीत. लोकांनी आपली खरेदी सकाळ-संध्याकाळवर नेली. गोव्यातल्या बाजारातही दुपारच्या बंद दारावर कुणी रागावत नाही. ही टिंगल मला नेहमीच खटकत आली आहे, कारण तिच्यामागे एक गृहीतक आहे: विकणाऱ्याने जेवायचं आणि आडवं व्हायचं नाही, आम्हाला हवं तेव्हा हजर राहायचं. अलीकडे काही दुकानांनी ती वेळ सोडली. तो त्यांचा धंद्याचा निर्णय आहे, पण त्याला प्रगती म्हणायला मी तयार नाही. आणि एक गोष्ट खरी की एकट्याने बंद ठेवणं अवघड असतं. घाणा शनिवारी बंद राहिला कारण शेजारच्या बेने इस्रायली घरातलाही बंद होता. मर्यादेला आपण 'वैयक्तिक' म्हणतो, पण एका गल्लीतल्या आठ दुकानदारांनी मिळून ठरवलेला सोमवार हा एकाने मनाशी केलेल्या निश्चयापेक्षा कितीतरी जास्त टिकतो.

मात्र प्रत्येक जुनी सुट्टी पवित्र म्हणून राखावी, असं मी म्हणत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावच्या बाजार समितीत अमावास्येला कांद्याचे लिलाव बंद ठेवण्याची प्रथा अनेक वर्षं होती. पुढे शेतकऱ्यांची अडचण पाहून ती मोडली गेली, आणि ते बरोबर झालं. व्यापाऱ्याच्या त्या एका दिवसाची किंमत उन्हात ट्रॅक्टर घेऊन उभा राहणारा, कांदा सडेल या काळजीत असलेला माणूस देत होता. विश्रांतीचं बिल कुणाच्या नावावर फाडलं जातं, ही माझ्या मते मर्यादेची खरी परीक्षा आहे. ज्यू ग्रंथातली आज्ञा इथे फार काटेकोर आहे. ती घरधन्याला एकट्याला थांबवत नाही; मुलगा, मुलगी, चाकर, बैल, गाढव, दाराशी आलेला परका, या सगळ्यांची नावं घेऊन थांबवते. याउलट आजचा दमलेला मालक रविवारी लोणावळ्याला जातो आणि तिथून हिशेबनिसाला व्हॉट्सॲपवर पावत्या पाठवत राहतो. त्याने मर्यादा घातलेली नाही, स्वतःचा भार दुसऱ्याच्या रविवारावर सरकवला आहे.

घरातही हेच होतं, आणि याबाबतीत शनिवार तेल्यांच्या नियमाकडेही मी डोळे झाकून पाहणार नाही. सब्बाथला चूल पेटवायची नाही म्हणजे दोन दिवसांचा स्वयंपाक शुक्रवारी दिवस मावळायच्या आत व्हायला हवा, आणि तो करणारी घरातली बाईच. तिचा शनिवार मोकळा झाला तो शुक्रवारी दुप्पट राबून. आपल्याकडच्या 'आज दुकान बंद' या दिवशी तर तेवढंही होत नाही: मालक घरी, म्हणून दुपारी साग्रसंगीत जेवण, चार वाजता पाहुणे, आणि दुकानाची वही सांभाळणारी बायको दिवसभर ओट्याशी. ज्या घरात तीच बिलं करते, तीच माल मोजून घेते, तिथे धंद्याच्या दोन मालकांपैकी एकालाच सुट्टी मिळते. बंदच्या दिवशी घरात कोण काय करणार, हे दुकानाच्या पाटीवर वार रंगवण्याआधी त्या दोघांनी बसून ठरवायला हवं, आणि त्या दिवशीचा स्वयंपाक ही त्या यादीतली पहिली बाब असायला हवी.